खिंडवाडीचं देणं

१९४९ साल, होळीच्या आधीचा सोमवार. आकडा, वीस पोती ज्वारी. हजर, दौलतराव पाटील, दुकानदार वीरभद्रअप्पा, गावातले पंधरा-सोळा शेतकरी आणि लिहून घ्यायला मी. देणार आमच्या गावातले लोक, घेणार खिंडवाडी. कशाबद्दल, हा रकाना मात्र मी त्या दिवशी कोराच ठेवला, कारण मारुतीच्या पारावर बसलेल्या दोन माणसांचंही त्यावर एकमत होईना. आकडा ठरला तो केवळ वीरभद्रअप्पांच्या चिकाटीमुळे.

अप्पांना गावातली पोरं पाठीमागे ‘कुणामुळं अप्पा’ म्हणत. काहीही चांगलं घडल्याचं त्यांच्या कानावर आलं की ते तागडी खाली ठेवून विचारत, “कुणामुळं?” कुणी म्हणालं, यंदा तूर बरी आली, की “कुणामुळं?” कुणी म्हणालं, म्हैस सुखरूप व्याली, की “कुणामुळं?” उत्तर मिळेपर्यंत गिऱ्हाइकाच्या हातात गूळ पडत नसे. एकदा आमच्या आळीतला एक गडी मुलगा विषमज्वरातून उठला म्हणून पेढ्यासाठी साखर घ्यायला आला. “देवाची कृपा, अप्पा.” अप्पांनी गळ्यातल्या चांदीच्या डबीला, म्हणजे आतल्या लिंगाला, हात लावला आणि म्हणाले, “देवाची हायच. आन् एकवीस दिस पाणी उकळून कुणी पाजलं?” गडी ओशाळला. “बायकोनं.” “मंग तिला बोललास का तसं?” “बायकोला काय बोलायचं, अप्पा?” “जा, आधी बोलून ये. साखर कुठं पळून जात न्हाय.” गडी खरोखर घरी जाऊन आला. काय बोलला ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण त्याच्या बायकोनं मात्र पुढे कधी दुसऱ्या दुकानातून मीठसुद्धा घेतलं नाही.

माझ्या लग्नात मी सहज म्हणालो की जेवण झकास झालं. अप्पा स्वतः जेवले नव्हते, पण शेजारीच बसले होते. त्यांनी मला मुंडावळ्यांसकट उठवून चुलाण्यापाशी नेलं. धुरानं डोळे लाल झालेल्या आचाऱ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, “बोला, बळवंतराव.” मी काहीतरी पुटपुटलो. आचारी पळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षं लग्नं रांधली, नवरदेव चुलीपर्यंत पहिल्यांदाच आला, असं तो नंतर सगळ्यांना सांगत होता.

अप्पा लिंगायत. अक्कलकोटच्या पलीकडून त्यांचे वडील इकडे येऊन स्थायिक झाले होते. घरात ते बायकोशी, पार्वताक्कांशी, कानडी बोलत, दुकानात मराठी, आणि निजामाच्या अंमलदाराशी जेवढ्यास तेवढं उर्दू. खाण्यापिण्याचे नेम कडक. परगावी गेले तर स्वतःचा तांब्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी. दुसऱ्याच्या घरी पाणीसुद्धा घेत नसत. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे.

त्यासाठी अठ्ठेचाळीस सालाबद्दल थोडं सांगावं लागेल. देश स्वतंत्र झाला होता, पण आम्ही निजामाच्या मुलखात होतो. येडशीला रेल्वेत बसलं की बार्शीच्या बाजूला हिंदुस्थान सुरू व्हायचा, इकडे मात्र निजामाचा अंमल. आतून रजाकारांच्या टोळ्या गावं धुंडाळत, आणि सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांतून त्यांच्याशी लढणारी माणसं येत. दोघांनाही धान्य हवं, आसरा हवा, खबर हवी. दौलतराव पाटलांनी गाव जमवून ठरवलं की आपण कुणाच्याच बाजूनं जायचं नाही. हत्यार द्यायचं नाही, घ्यायचं नाही. कुणीही आला तर गावाबाहेरच्या आडावर पाणी आणि भाकरी मिळेल. वेशीच्या आत कुणी येणार नाही.

हा ठराव भित्रेपणाचा होता असं आज कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण गेला आणि सूड घेणारे लोक गावोगाव फिरू लागले. आमच्या गावात मुसलमानांची चार घरं. बाहेरून जमाव आला तेव्हा पाटील वेशीत घोंगडं टाकून बसले. “तवा रजाकारांला आत घेतलं न्हाय, आता तुमालाबी न्हाय. जायचं तर माझ्यावरनं जावा.” जमाव परत गेला. ती चार घरं आजही आहेत. अप्पा त्याबद्दल ज्याला त्याला सांगत, “ह्ये पाटलामुळं. दुसऱ्या कुणामुळं न्हाय.”

पण त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात जे झालं, त्याचं श्रेय पाटील ठरावाला देत आणि अप्पा देत नसत.

आमच्या गावाला बाहेरून यायची गाडीवाट एकच, ती डोंगरातल्या खिंडीतून. खिंडीच्या बाहेरच्या तोंडाशी खिंडवाडी, धनगरांची लहानशी वाडी. त्या उन्हाळ्यात रजाकारांची एक मोठी टोळी धान्य गोळा करत त्या बाजूनं आली. खिंडवाडीनं धान्य द्यायला नकार दिला. त्यांच्याकडे ठासणीच्या दोन बंदुका आणि बाकी गोफणी. बायका-पोरं आणि मेंढरं डोंगरात घालून पुरुषांनी खिंडीत धोंडे लोटले, बाभळीच्या काटेरी फेसाट्या टाकल्या आणि वर जाऊन बसले. टोळीनं खाली वाडी पेटवली. अकरा घरं जळाली, बैल हाकून नेले, दोन माणसं मेली. त्यातला एक वाडीच्या कारभाऱ्याचा, धोंडिबाचा, धाकटा भाऊ. पण टोळीला खिंड ओलांडता आली नाही. दुपार कलल्यावर ती आली तशी मागे गेली. खिंडीच्या आत आमचं गाव होतं आणि आमच्या जमिनीखालच्या पेवांत वर्षाची ज्वारी होती. आम्ही धूर पाहिला. ठरावाप्रमाणे गावातून कुणी गेलं नाही.

त्यानंतर खिंडवाडीची माणसं आमच्या बाजाराला येईनाशी झाली. भांडण नाही, शिवीगाळ नाही, नुसती येईनात. पुढच्या माघात बातमी आली की त्यांच्याकडे नांगराला बैल नाहीत, घरांवर माळवदं नाहीत, आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत जमीन नांगरून झाली नाही तर सगळी वाडी दारं लावून सोलापूरच्या गिरण्यांत जाणार. हे ऐकलं त्या दिवसापासून अप्पांना चैन पडेना. दुकानात येईल त्याला ते म्हणत, “आपण वाचलो. कुणामुळं?” तिथून विषय पारावर गेला.

त्या सोमवारची बोलणी मला बरीचशी आठवतात.

पाटील म्हणाले, “अप्पा, आपण वाचलो ते आपल्या शहाणपणानं. विलायतेच्या मोठ्या लढाईत काही देश मधी पडलेच न्हायती. ते शाबूत राहिले का न्हाय? विचारा ह्या बळवंताला, पेपर वाचतो.”

मी म्हणालो, “होय, आयर्लंड आहे. स्वीडन आहे.”

अप्पांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. “त्या आयर्लंडच्या शेजारी कोण?”

“इंग्रज.”

“आन् लढाई कुणाची?”

“इंग्रजांची आणि जर्मनांची.”

“मंग जर्मन आयर्लंडात का गेला न्हाय? त्यांनी ठराव केला म्हून?”

मी म्हणालो, “मधल्या समुद्रात इंग्रजांची जहाजं होती, हेही एक कारण असणार.”

पाटील मांडीवर थाप मारून हसले. “आता सांग बळवंता, आयर्लंडवाल्यांनी इंग्रजाला किती पोती पाठवली?” पार हसला. मी खरं ते सांगितलं, की त्यांनी इंग्रजांचे उपकार मानल्याचं माझ्या वाचनात नाही; इंग्रजांनी त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या राज्य केलं होतं, तो राग होता.

“बघा!” पाटील म्हणाले. “आन् ह्या खिंडवाडीनं माझ्या बापाची कापसाची गाडी खिंडीत लुटली व्हती. विसरू म्हणता?”

“विसरू नका. ती गाडी त्यांच्यामुळंच लुटली गेली,” अप्पा शांतपणे म्हणाले. “आन् ही ज्वारी त्यांच्यामुळंच ऱ्हायली. दोन्ही मांडा की.”

“पण त्ये लढले त्यांच्या घरासाठी. आपल्यासाठी न्हाय.”

“व्हय. शेजाऱ्यानं भिंत त्याच्या घरासाठी बांधली. सावलीत म्या बसलो का न्हाय?”

“सावलीचं भाडं देतं व्हय कुणी?”

“भाडं न्हाय, पाटील. सावली कुणाच्या भिंतीची व्हती, येवढं तर म्हनाल? आयर्लंडवाल्यांनी काय करायचं त्ये त्यांचं त्यांनी बघावं. माझी वाट खिंडीतनं जाती, त्यांची न्हाय.”

त्यावर कुणी हसलं नाही. पाटलांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी आजही म्हणतो. खिंडवाडीनं आम्हाला विचारून लढाई केली नव्हती, आणि आम्ही त्यांना कसलाही शब्द दिला नव्हता. कायद्यानं पाहिलं तर देणं शून्य. पण अप्पांचं म्हणणंही खोडता येत नव्हतं. शेवटी पाटलांनी मधली वाट काढली. गावाच्या नावानं काही द्यायचं नाही, ज्याला वाटेल त्यानं द्यावं; वीस पोत्यांचा आकडा मात्र अप्पांनी लावून धरला. खळी चालूच होती. अप्पा प्रत्येक खळ्यावर गेले आणि ज्याचे जितके नांगर त्या हिशोबानं ज्वारी मागत गेले. वीस पोती भरली. त्यातली सहा अप्पांची स्वतःची, दुकानातली.

इथे एक चूक झाली. ती अप्पांची होती, माझी होती, आणि ज्यांनी ज्यांनी पायली-दोन पायली घातली त्या सगळ्यांची होती. आमच्यापैकी एकाच्याही ती लक्षात आली नाही.

चार गाड्या घेऊन आम्ही खिंडवाडीला गेलो. धोंडिबा जळक्या भिंतीला टेकून घोंगडी विणायची लोकर विंचरत होता. चाळिशीचा, उंच, बोलायला कमी. त्यानं अप्पांना रामराम केला, गाड्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “काय हाय?”

“ज्वारी हाय, धोंडिबा. आमच्या गावाकडनं... म्हंजी गावातल्या लोकांकडनं. तुमी खिंड राखली म्हून.”

“कशी काढली?”

“खळ्यावरनं. नांगरामागं.”

धोंडिबानं लोकर बाजूला ठेवली. “अप्पा, खळ्यावरनं नांगरामागं धान काढून कुणाला देत्यात?”

मला त्याच क्षणी कळलं. खळ्यावरून नांगराच्या हिशोबानं मिळतं ते बलुतं. सुताराला, लोहाराला, आणि गावाची राखण करणाऱ्या जागल्याला.

“आमी तुमचं जागलं न्हाय,” धोंडिबा म्हणाला. आवाज चढला नव्हता. “माझा भाऊ मेला तो आमच्या वाडीसाठी मेला. तुमच्या पेवासाठी न्हाय. ह्ये घेतलं तर उद्या लोक म्हनतील, पगारावर मेला. पोती न्या माघारी.”

मला वाटलं, अप्पा आता समजूत घालतील, निदान हेतू वाईट नव्हता असं तरी म्हणतील. अप्पांनी डोक्याचा रुमाल काढला आणि म्हणाले, “चुकलं धोंडिबा. माझं चुकलं.” एवढंच. मग बैल वळवले.

परतीच्या वाटेवर वेशीत पाटील उभेच होते. भरल्या गाड्या बघून त्यांना राहवलं नाही. “काय अप्पा? माल माघारी आला. कुणामुळं?”

“माझ्यामुळं,” अप्पा म्हणाले.

पाटलांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरलं. एवढं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं.

लोकांची ज्वारी ज्याची त्याला परत दिली, अप्पांची सहा पोती दुकानात रचून ठेवली. अप्पा पंधरा दिवस फारसे कुणाशी बोलले नाहीत. तूर कशी आली म्हणून सांगणाऱ्याला नुसतं हूं म्हणून गूळ मोजून देत. मग पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आले. “बळवंतराव, गाडी नगं. पायी जाऊ. हात रिकामे पायजेत.”

धोंडिबानं आम्हाला बसायला घोंगडं दिलं, पण चेहरा बंदच होता. अप्पांनी कसलीही प्रस्तावना केली नाही. “धोंडिबा, तुमी इर्जिक का घालत न्हाय?”

आमच्याकडे ज्याचं काम अडतं तो इर्जिक घालतो. म्हणजे शेजारपाजारच्यांना बोलावणं धाडतो; ते आपापले बैल-नांगर घेऊन येतात, दिवसभर नांगरतात, मजुरी कुणी घेत नाही. घरधनी सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. इर्जिकीला येणारा उपकार करत नसतो. तो पाहुणा असतो. मान बोलावणाऱ्याचा असतो. जेवण देतो तो मोठा.

धोंडिबा म्हणाला, “बोलवायला तोंड हाय, अप्पा. जेवू घालायला धान न्हाय.”

“माझ्या दुकानात हाय. उसनं न्या.”

“उसनं?”

“उसनं. पीक आलं की माघारी द्या. न्हाय दिलं तर मागायला येईन. मी दुकानदार हाय.”

धोंडिबा त्या दिवसात पहिल्यांदा हसला. “आन् बोलावलं तर तुमच्या गावचं येतील व्हय?”

“तुमी बोलवा तर खरं.”

“तुमी जेवाल, अप्पा? आमच्यात?”

हा प्रश्न साधा नव्हता, आणि धोंडिबानं तो मुद्दाम विचारला होता. इर्जिकीला येऊन न जेवता जाणं हा घरधन्याचा अपमान. अप्पांनी डबीवर हात ठेवला. मग म्हणाले, “पूजेला तांब्याभर पाणी द्या. जेवतो.”

त्यानंतर खिंडवाडीचा एक माणूस बोलावणं घेऊन आमच्या गावात घरोघर फिरला. बलुतं मागायला नव्हे, पाहुणे बोलवायला. कितीजण जातील याची मला खात्री नव्हती. ठरलेल्या सकाळी खिंडीतून अठरा बैलजोड्या गेल्या. सर्वांत शेवटी दौलतराव पाटलांच्या दोन. त्यांना कुणी कारण विचारलं नव्हतं, तरी पाटील म्हणाले, “जनावरं रिकामीच व्हती. पाय मोकळे करायला आनली.”

“बरं केलं,” अप्पा म्हणाले, आणि तेवढ्यावरच थांबले. त्यांना थांबणं जड गेलं असेल.

दोन दिवसांत वाडीची नांगरण झाली. गडी जास्त होते म्हणून चार घरांच्या तुळयाही चढवल्या. पांढरी माती बायकांनी आणून माळवदं लिंपली. पहिल्या दिवशी दुपारी धोंडिबानं अप्पांसाठी वेगळी चूल मांडून गव्हाची खीर आणि ज्वारीची भाकरी केली होती. बाकीच्यांना मटणाचं कालवण होतं. अप्पांनी पूजा केली, पान पुढे ओढलं आणि जेवले. पंचावन्न वर्षांत दुसऱ्याच्या घरचा पहिला घास. धोंडिबा समोर उभा राहून वाढत होता. “आनखी घ्या, अप्पा.” “पुरं.” “घ्या की. माझं घर हाय.” अप्पांनी घेतलं. माझ्या शेजारी पाटील भाकरी मोडत होते. एका हातानं त्यांनी डोळे पुसले आणि कालवणाला तिखट फार म्हणून कुरकुर केली.

वाडी सोलापूरला गेली नाही. आषाढात खिंडवाडीच्या बायका पुन्हा आमच्या बाजारात बसू लागल्या.

अप्पांना मी त्यानंतर एकदा विचारलं होतं, की म्हणजे देणं फिटलं का. ते म्हणाले, “फेडायचं व्हतंच कुठं? कबूल करायचं व्हतं. त्ये जेवताना झालं.” मी या वाक्याचा पुष्कळ विचार केला आहे. मी आकड्यांचा माणूस. जमेला असलेली रक्कम खर्ची पडल्याशिवाय मला स्वस्थता वाटत नाही. पण काही देणी नुसती कबूल करून मांडून ठेवायची असतात, हे मला अप्पांनी शिकवलं. आई-वडिलांचं, बायकोचं, शिक्षकांचं माझं देणं मी तसंच मांडून ठेवलं आहे, आणि त्याचं ओझं वाटत नाही. उलट बरं वाटतं.

त्याच वर्षी पौषात अप्पा गेले. चार दिवस छातीत कफ झाला आणि गेले. त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून, हातात लिंग देऊन समाधी दिली. खड्डा खणायला खिंडवाडीचे आठ जण आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

फाल्गुनात खळी झाली तेव्हा धोंडिबा गाडी घेऊन अप्पांच्या दुकानासमोर उभा राहिला. दुकान आता पार्वताक्का बघत होत्या. पाटील आणि मी तिथंच होतो. इर्जिकीसाठी त्यानं तीन पोती नेली होती. पाटील पुढे झाले. “धोंडिबा, अप्पा गेले. आता कसलं उसनं? ऱ्हाऊ द्या.”

धोंडिबा अक्कांकडे बघत राहिला. अक्कांनी पाटलांना हातानंच थांबवलं. “देऊ द्या त्यांला. ह्यांनी घेतली असती.”

पोती उतरवून मोजली तर पावणेचार भरली. आमच्याकडे धान्य कर्जाऊ नेलं तर सवाईनं फेडायची रीत होती, तसं त्यानं फेडलं होतं. अक्कांनी विचारलं, “ह्यांनी सवाईनं दिलं व्हतं, का उसनं?”

“उसनं, अक्का.”

“मंग ह्ये वरचं कशाला?”

त्यांनी पाऊण पोतं पुन्हा गाडीत ठेवायला लावलं. धोंडिबानं ठेवलं. मी लिहून घेतलं. तीन पोती ज्वारी, खिंडवाडीकडून, पार्वताक्कांना पोचली.